निजलेला भाग

पनवेलच्या लाइन आळीतल्या आमच्या मेडिकलमध्ये येणारं गिऱ्हाईक मला टरकून असतं, हे मी मोठ्या अभिमानाने सांगायची. मालक वहाबभाई पुढे बसतात आणि गोड बोलतात. गोळ्या मी देते आणि बोलणीही मीच देते. "पाच दिवसांचा कोर्स होता ना? मग तीन दिवसांत बंद कशी केली? बरं वाटलं म्हणून? तू एमबीबीएस आहेस का?" कोणी शेजारणीची चिठ्ठी घेऊन स्वतःसाठी गोळी मागायला आलं, की त्याची धडगत नाही. वहाबभाई म्हणतात, "अगं दिपिका, जरा आहिस्ता. माणूस दवा घ्यायला आलाय, फाशी घ्यायला नाही." मी कुठली ऐकतेय! डी. फार्म आहे मी, फर्स्ट क्लास. सोळा वर्षं त्या काउंटरला उभी आहे.

तर अशा या बाईने स्वतः काय दिवे लावले, ते ऐका.

माझे बाबा, नाव दाजी. वय सदुसष्ट. उरणकडच्या मिठागरात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मिठागर बंद पडल्यावर आम्ही पनवेलला आलो. लग्न मी केलं नाही, त्यामुळे आई-बाबा, धाकटा भाऊ धनेश आणि मी, असे चौघं एकाच घरात. धनेश द्रोणागिरीला गोडाऊनवर सुपरवायझर आहे. बाबांना एकच नाद. रविवारी आपट्याला जायचं, आईच्या माहेरी, आणि पाताळगंगेत जाळं फेकायचं. गोल जाळं, कडेला शिशाचे मणी. ओलं झालं की तरण्या पोराला उचलत नाही. बाबा ते खांद्यावरून असं काही फेकायचे की पाण्यावर भाकरीसारखं गोल पडायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी नदीवरच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून सोडा प्यायले, मामाच्या पडवीत पडून राहिले. सोमवारी दुपारी ओठ काळेनिळे झाले तेव्हा मामाच्या मिथुनने त्यांना गाडीत घातलं. अख्खा दिवस गेला मध्ये. मी हॉस्पिटलात पोचले ती तणतणतच. "मला एक फोन करता आला नाही? मी काय मेले होते?"

ऑक्सिजनच्या नळीतून बाबा म्हणाले, "तू वरडतेस."

सगळे हसले. मीसुद्धा हसले, काय करणार!

जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलं. तीन नळ्या तुंबलेल्या. बाथरूमपर्यंत गेले तरी बाबांना धाप लागायची. ज्या माणसाने जन्मभर मीठ ओढलं त्याच्या ताटातलं मीठ बंद झालं. आई अळणी आमटी वाढायची आणि स्वतःही तीच जेवायची. आमच्या डॉक्टर, प्रांजल मॅडम, वयाने माझ्याएवढ्याच, शांत बाई. फेब्रुवारीत त्यांनी आम्हाला चौघांना समोर बसवलं आणि कागदावर हृदय काढून दाखवलं.

"या पुढच्या भिंतीला रक्त मिळत नाहीये, म्हणून ती हलत नाही. पण हलत नाही याचे दोन अर्थ होतात. एक, तिथला स्नायू मेला. किंवा तो झोपलाय. रक्त कमी मिळतं म्हणून जेवढ्यास तेवढा जीव धरून गप्प पडलाय. झोपला असेल तर बायपास करून रक्त पोचवलं की जागा होऊ शकतो, पंपिंग सुधारू शकतं. मेला असेल तर इतक्या कमी पंपिंगवर छाती उघडण्यात नुसता धोका आहे. टेबलवरच काही होऊ शकतं."

"मंग कसा कलंल, निजलाय का मेलाय?" आईने विचारलं.

"उठवून बघायचं," मॅडम हसल्या. "सलाइनमधून एक औषध हळूहळू सोडतो, त्याने हृदय जोरात चालतं. तेव्हा सोनोग्राफीसारख्या मशीनवर बघायचं. झोपलेला भाग असेल तर थोडा तरी हलतो. शंभर टक्के खात्री कुठलीच टेस्ट देत नाही, पण यावर बराच अंदाज येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही फार्मसिस्ट आहात ना? मग सोपं झालं. ही ठोके कमी करणारी गोळी टेस्टच्या आधी दोन दिवस बंद ठेवायची. ती पोटात असेल तर आमचं औषध लागू पडत नाही आणि रिपोर्ट फसवा येतो. मध्ये काहीही वाटलं तर मला फोन करा."

ती बारकी पांढरी गोळी. बाबा तिला बारकीच म्हणायचे. मी मान डोलावली. मला सांगायला हवं होतं का हे?

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आले तर बाबा पलंगाच्या कडेला उशी पोटाशी धरून बसलेले. "छातीत धाडधाड करतंय," म्हणाले. नाडी बघितली, एकशे दहा. ही गोळी एकाएकी बंद केली तर हृदय उसळू शकतं, पुन्हा अटॅक येऊ शकतो, हे आमच्या पुस्तकात लाल चौकटीत छापलेलं. ती चौकट मी कितीतरी गिऱ्हाइकांना तोंडपाठ ऐकवली होती. मॅडमचा नंबर फोनमध्ये होता. लावला असता तर दोन मिनिटांचं काम. पण मला वाटलं, काय विचारायचं त्यात? मला कळतं की! शिवाय त्यांनी टेस्ट पुढे ढकलली तर पुन्हा धनेशची रजा, पुन्हा आईची घालमेल. मी स्ट्रिप काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि बाबांसमोर धरली.

"ही बारकी नाय का?" बाबांनी विचारलं. "ती बंद सांगितलीय ना?"

"नाही, ही गॅसची आहे. घ्या."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गोळी घेतली. तासाभराने नाडी ऐंशीवर आली. मग मी तिसऱ्या दिवशी सकाळी, टेस्टला निघायच्या आधी, अजून अर्धी दिली. रस्त्यात काही होऊ नये म्हणून. तीही गॅसचीच.

टेस्टच्या खोलीत प्रितम नावाचा टेक्निशियन होता. फॉर्म भरता भरता त्याने विचारलं, "ठोक्यांची गोळी दोन दिवस बंद होती ना?"

माझ्या तोंडातून "हो" गेलं. विचार करायलाही वेळ घेतला नाही मी. पनवेलभर दवंडी पिटणारी बाई, डॉक्टरांपासून काही लपवू नका म्हणून! कपाळ माझं!

औषध सुरू झालं. मी आणि धनेश दाराशी उभे होतो. पडद्यावर ते राखाडी हृदय कसंबसं उघडमीट करत होतं. मॅडमनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला. "रेट चढत नाहीये," त्या पुटपुटल्या आणि आणखी एक इंजेक्शन दिलं. मला माहीत होतं का चढत नाहीये ते. तोंड उघडायला फक्त एक वाक्य लागत होतं. पण "हो" सांगून वीस मिनिटं झाली होती, धनेश शेजारी होता, प्रितम होता, आणि सोळा वर्षांचा माझा तोरा होता. मी पर्सचा पट्टा पिळत उभी राहिले.

पुढची भिंत हलली नाही.

"मला वाटत नाही ऑपरेशनचा फार उपयोग होईल," मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या. "गोळ्यांवरच ठेवू."

आईने पदर तोंडाला लावला. "म्हंजे मेलाच तो?" एवढंच विचारलं तिने.

त्यानंतरचे पाच आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाबांनी मिथुनला फोन करून बोलावलं आणि जाळं त्याला देऊन टाकलं. "मणी सैल झालंत, बांदून घे," म्हणाले. आईला बसवून कुठला कागद कुठे ठेवलाय ते दाखवलं. धनेश संध्याकाळी गाडी लावली की लगेच वर यायचा नाही, खाली पार्किंगमध्ये रडून मग यायचा. मी खिडकीतून बघायची. आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "निजला असता तर उटला असता गो." दर वेळी मला वाटायचं, तापलेल्या तव्यावर हात ठेवावा. तो भाग निजलेलाच असेल तर? मीच त्याला गोळी देऊन निजवला असेल तर? जिवंत माणसाचं ऑपरेशन माझ्या एका "हो"मुळे अडलं असेल तर? रोज सकाळी बाबांच्या हातावर गोळ्या ठेवताना त्यांच्या डोळ्यांत बघायची हिंमत होत नव्हती. आणि दुकानात मात्र माझं तोंड दुप्पट सुटलं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला हाजराचाची आल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. दाढ काढायची म्हणून त्यांची रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवायला सांगितली होती आणि त्यांनी सवयीने घेतली.

"घेतली?" मी काउंटरवर हात आपटला. "चाची, अक्कल काय गहाण टाकलीय? सांगितलेलं कळत नाही?"

"अगं, हो, झाली चूक. जाऊन डॉक्टरला सांगितलं ना मी. त्याने तारीख पुढची दिली. बस्स!"

"ओरडला नाही?"

"ओरडला की! ऐकून घेतलं. त्याचा हक आहे तो." चाची पिशवीत गोळ्या टाकत म्हणाल्या. "खुदाने जीभ दिलीय ती काय नुसती पान खायला?"

त्या गेल्या आणि मी तिथेच खोक्यावर बसले. रडू आवरेना. वहाबभाई घाबरले, पाणी आणलं. मी त्यांना सगळं सांगितलं, गॅसच्या गोळीपासून प्रितमपर्यंत. सोळा वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, "इथे काय रडतेस, बेवकूफ? उठ. डॉक्टरीणबाईंकडे जा."

प्रांजल मॅडमनी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला ठोके वाढल्याची भीती वाटली, ती बरोबरच होती," त्या म्हणाल्या. "एक फोन केला असता तर मी त्यांना ॲडमिट करून, मॉनिटर लावून गोळी थांबवली असती. आणि खोलीत विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतं तर मी त्या दिवशी टेस्टच केली नसती. मी त्या कागदावर सही केलीय, दिपिका. एका माणसाला 'आता काही होणार नाही' असं मी सांगितलंय."

यापेक्षा त्यांनी चार लोकांत माझी शोभा केली असती तरी चाललं असतं. रिपोर्ट चुकीचाच असेल असं नाही, पण पुन्हा बघायलाच हवं, असं म्हणून त्यांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

घरी सांगितलं. धनेशने ताट सरकवलं आणि उठून गेला. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. बाबा आमटीत भाकरी कुस्करत राहिले. आणि आई? मला वाटलं होतं आई झिंज्या उपटेल. तिने माझे दोन्ही हात धरले.

"म्हंजे निजलेला असंल? दिपे, तो निजलेलाच असंल! बरा झाला गो बाय, तू चुकलीस ती."

माझ्या पापाची आमच्या घरात गोड बातमी झाली. आईने देवाला नारळ बोलला. आपट्याला फोन गेला, मिथुन जाळं परत घेऊन आला, आईने ते बाल्कनीत दोरीवर टांगलं. बाबांचा चेहरा उजळला. आठ दिवस ते संध्याकाळी जाळ्याखाली खुर्ची टाकून बसायचे आणि एकेक मणी चाचपत बांधायचे. "ऑगस्टात पानी लय असतंय," म्हणाले मला. "दिवालीनंतर जाऊ." आणि मी, जी कधी देवापुढे उदबत्तीही धड लावत नाही, ती दुकानात गोळ्या मोजताना मनात एकच घोकत होते. देवा, चूक माझीच असू दे. माझ्यामुळेच बिघडलेलं असू दे. मला काय शिक्षा करायची ती कर.

या वेळी दोन दिवस ॲडमिट. गोळी बंद, छातीला मॉनिटर. नाडी वाढली तशी नर्सने मॅडमना फोन केला, मॅडमनी येऊन बघितलं, संपलं. इतकं सोपं होतं ते.

टेस्टला मी पुन्हा दाराशी उभी. प्रितमने तोच प्रश्न विचारला आणि माझ्याकडे न बघता नर्सकडे बघितलं. योग्यच केलं त्याने. औषध सुरू झालं. या वेळी रेट चढला. पंच्याऐंशी, शंभर, एकशे वीस. बाजूची भिंत धडाधड आत येत होती, खालची जरा जास्त हलायला लागली. मी जीव मुठीत धरून पुढच्या भिंतीकडे बघत होते. हल. हल की गं बाई! एकदा तरी हल.

ती पाटीसारखी सपाट राहिली.

मॅडमनी बराच वेळ वेगवेगळ्या बाजूंनी बघितलं. मग औषध बंद केलं आणि बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, "मागचाच रिपोर्ट बरोबर होता. हा भाग झोपलेला नाहीये. गोळ्यांनी बाकीचं हृदय सांभाळता येईल, थोडंफार सुधारेलही. पण ऑपरेशन नको." माझ्याकडे बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमच्या त्या गोळीने काही बिघडलं नव्हतं. तो स्नायू जानेवारीतच गेला होता, पहिल्या काही तासांत. दुखायला लागल्या लागल्या आणलं असतं तर कदाचित वाचला असता."

आई बाकावर खाली बसली. धनेश आठ दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलला. "चल, सुटलीस तू."

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. कसली सुटले! चूक माझी असती तर बाबा बरे होणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी आलो. आई नारळाचं काय करायचं ते न कळून स्वयंपाकघरात उभी होती. बाबा बाल्कनीत खुर्चीवर बसले. जाळं डोक्यावर तसंच टांगलेलं, अर्धे मणी बांधलेले. मी गोळ्यांची डबी आणि पाणी घेऊन गेले. बारकी आजपासून पुन्हा सुरू करायची होती. ती मी त्यांच्या तळहातावर ठेवली.

बाबांनी ती बोटाने इकडून तिकडे फिरवली. "तवा गॅसची म्हनून दिलीस, ती हीच ना?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"रोज खातंय मी. जिभंवर कडू लागते ती. मना नाय कलनार?"

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढलाच, सवयीने. "प्रितम विचारत होता तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना, टेबलावर? एक शब्द बोलता आला नाही? का गप्प बसलात?"

बाबा थोडे बिचकले. मग नेहमीसारखं ओशाळं हसले.

"तू वरडतेस," म्हणाले.

या वेळी हसायला कोणी नव्हतं. आपट्याची पडवी आली डोळ्यांसमोर. सोड्याची बाटली उशाशी, खिशात फोन, आणि छाती धरून पडलेला हा माणूस फोन काढतो, माझं नाव बघतो आणि परत खिशात ठेवतो. रविवारचा अख्खा दिवस, सोमवारची सकाळ. आत तो स्नायू कणाकणाने मरत होता आणि बाबा मला घाबरून पडून होते. त्या गोळीचा दोष नव्हता. मॅडमच्या कुठल्या मशीनवर हे दिसणार नव्हतं.

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. "चुकलं माझं, बाबा," म्हटलं. "गोळीचं नाही. दुसरंच."

ते काय ते त्यांना कळलं असावं. त्यांनी उगाच माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग तळहात पुढे केला.

"ही कनची गोली?" त्यांनी विचारलं.

"तीच आहे. बारकी."

"आता बंद नाय ना?"

"नाही, बाबा. आता रोज घ्यायची."

मी ग्लास धरला आणि त्यांनी ती पाण्याबरोबर गिळली.